एक तक्ता, सगळी वेबसाइट

वाचनालयाच्या कार्यकारिणीत ‘आपली वेबसाइट करू या’ हा विषय निघाला की पाच मिनिटांत चर्चा रंगावर येते. निळा की भगवा, वर सरकणारी छायाचित्रं हवीत की नकोत, संस्थापकांचा फोटो डावीकडे की उजवीकडे. मग कुणाचा तरी भाचा ‘वर्डप्रेसमध्ये करून देतो’ म्हणतो, एक तयार थीम चढवतो, डझनभर प्लगइन लावतो आणि साइट उभी राहते. दिसतेही बरी. घोडं पेंड खातं ते सहा महिन्यांनी. नव्या पुस्तकांची यादी कुठे टाकायची हे कुणाला ठाऊक नसतं, टाकली तर लेखकाच्या नावावरून शोधता येत नाही, आणि कंटाळून थीम बदलायला जावं तर निम्मा मजकूर दिसेनासा होतो.

यात भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. वर्डप्रेस शिकवणारे बहुतेक व्हिडिओ ‘ही थीम घ्या, हे बटण दाबा’ इथूनच सुरू होतात. माझं मत उलटं आहे. वर्डप्रेस शिकायचं तर रंगरूप शेवटी ठेवावं आणि आधी हे समजून घ्यावं की आपण लिहिलेली ओळ साठते कुठे आणि पानावर येते कशी. मामला फार अवघडही नाही. एका तक्त्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ उलगडतं.

त्याआधी थोडा इतिहास, कारण या सॉफ्टवेअरचा स्वभाव त्यातच आहे. २००१ मध्ये मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणानं ‘बी-टू’ नावाचं ब्लॉग चालवण्याचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. भाषा पीएचपी, माहिती साठवायला मायएसक्यूएल. पुढे त्याचं काम थंडावलं. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा १९ वर्षांचा मॅट मलनवेग स्वतःच्या ब्लॉगवर चिंता करत होता, की आपण वापरतो ते सॉफ्टवेअर तर आता कुणी सांभाळत नाही. इंग्लंडमधल्या माइक लिटल यानं त्याला कळवलं, की तू पुढे नेणार असशील तर मीही हात लावतो. बी-टू जीपीएल परवान्याखाली होतं. म्हणजे कुणीही त्याचा कोड घ्यावा, बदलावा, वाटावा; अट एवढीच की पुढच्यालाही तीच मोकळीक मिळाली पाहिजे. परवानगी मागायला कुणाच्या दारात जायची गरज पडली नाही. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली, तिचा क्रमांक ०.७. नंतर वाल्द्रिगीही या कामात आला.

नशिबानंही साथ दिली. तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्यांत ‘मूव्हेबल टाइप’ हे सॉफ्टवेअर जोरात होतं. मे २००४ मध्ये त्याच्या कंपनीनं फुकट आवृत्तीवर बंधनं घातली आणि नाराज मंडळी बिऱ्हाड उचलून वर्डप्रेसकडे आली. त्याच महिन्यात वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये थीम आल्या, आणि तारखेच्या ओघात न वाहणारी ‘पानं’ही आली. ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ अशी पानं करता येऊ लागली, त्या दिवसापासून हे नुसतं ब्लॉगचं सॉफ्टवेअर राहिलं नाही. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात.

आता तो तक्ता. वर्डप्रेस नव्यानं बसवलं की डेटाबेसमध्ये १२ तक्ते तयार होतात. वापरकर्त्यांचा एक, प्रतिक्रियांचा एक, सेटिंग्जचा एक, वर्गवारीचे काही. यातला राजा म्हणजे ‘पोस्ट्स’ नावाचा तक्ता. त्याला २३ रकाने असतात: शीर्षक, मजकूर, लेखक, तारीख, स्थिती वगैरे. नवशिक्याला वाटतं की यात फक्त ब्लॉगचे लेख असतील. प्रत्यक्षात लेख यात, पानं यात, चढवलेल्या प्रत्येक फोटोची नोंद यात, मेन्यूतला प्रत्येक दुवा यात, आणि तुम्ही लेख पाच वेळा दुरुस्त केलात तर त्या जुन्या प्रतीही यातच. ग्रंथपालाच्या दाखल रजिस्टरसारखं हे काम आहे. कादंबरी असो, नकाशा असो की देणगीत आलेला जुना दिवाळी अंक असो, आधी एका रजिस्टरात ओळ पडते, दाखल क्रमांक मिळतो; कुठल्या कपाटात जायचं ते मागाहून. लेखांचे क्रमांक ४१ वरून एकदम ५७ वर का गेले, मधले कुणी खाल्ले, असा प्रश्न पडलेले पुष्कळ जण मी पाहिले आहेत. मधले क्रमांक फोटोंनी आणि जुन्या प्रतींनी घेतलेले असतात.

मग लेख आणि पान यांत फरक कशानं पडतो? ‘पोस्ट टाइप’ नावाच्या एका रकान्यानं. तिथे ‘पोस्ट’ लिहिलं असेल तर लेख, ‘पेज’ असेल तर पान, ‘अटॅचमेंट’ असेल तर फोटो. आता पुढचा विचार आपसूक सुचतो: त्या रकान्यात आपण ‘बुक’ असं लिहिलं तर? जून २०१० च्या ३.० या आवृत्तीनं ही वाट सर्वांना रीतसर मोकळी करून दिली. ‘रजिस्टर पोस्ट टाइप’ या एका फंक्शनला सांगायचं, की ‘पुस्तक’ नावाचा एक नवा प्रकार हवा आहे. लगेच डाव्या पट्टीत ‘पुस्तकं’ असा नवा मेन्यू येतो, ‘नवे पुस्तक’ असं बटण येतं, आणि तसं सांगितलं असेल तर पुस्तकांच्या यादीला स्वतःचा पत्ताही मिळतो. त्याच्या जोडीला ‘लेखक’ आणि ‘विषय’ अशा दोन वर्गवाऱ्या नोंदवल्या की एका लेखकाची सगळी पुस्तकं दाखवणारं पान वर्डप्रेस स्वतः तयार करतं. आवृत्ती, प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक या किरकोळ गोष्टी ‘पोस्टमेटा’ नावाच्या शेजारच्या तक्त्यात जातात; तिथे रकाने न वाढवता हवी ती जोडमाहिती साठवता येते.

दुकान, शाळेचा सूचनाफलक, भाड्याच्या घरांची यादी, गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमा, ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं ते या एका सोयीमुळे.

पहिल्यांदा हे करणारा दोन ठिकाणी हमखास अडतो, ती आधीच सांगून ठेवतो. पुस्तकाचं पान उघडावं तर ‘सापडलं नाही’ असा संदेश येतो. कोड बरोबर असतो. पत्त्यांचे नियम वर्डप्रेसनं आधी लिहून ठेवलेले असतात आणि त्यांत नव्या प्रकाराचा उल्लेखच नसतो, एवढंच. सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबलं की नियम नव्यानं लिहिले जातात आणि पान उघडतं. दुसरी अडचण अशी, की लेखाला नवा ब्लॉक एडिटर मिळतो आणि पुस्तकाला मात्र जुना. ‘शो इन रेस्ट’ नावाचा पर्याय ‘होय’ करायचा राहिलेला असतो. मुळात तो ‘नाही’वर असतो आणि नवा एडिटर त्याच्यावाचून चालत नाही. या दोन गोष्टींनी किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील!

माहिती साठली. ती पानावर कशी येते? कुणी ‘पुस्तकं’ या दुव्यावर टिचकी मारली की सर्व्हरवर वर्डप्रेस जागं होतं. आधी डेटाबेसची किल्ली वाचतं, मग चालू असलेली प्लगइन एकामागून एक उचलतं, मग थीमचं साहित्य. नंतर पत्ता वाचून ठरवतं की डेटाबेसकडे काय मागायचं. उत्तर हातात आलं की शेवटी ठरतं ते साच्याचं. एका पुस्तकाचं पान असेल तर थीममध्ये ‘सिंगल-बुक’ नावाची फाइल शोधली जाते. ती नसेल तर ‘सिंगल’, तीही नसेल तर ‘सिंग्युलर’, आणि काहीच नसेल तर ‘इंडेक्स’. विशेषाकडून सामान्याकडे अशी ही उतरंड आहे. तिचा तक्ता भिंतीवर चिकटवून ठेवावा असं मी शिकणाऱ्यांना सांगतो, कारण ‘हे पान असं का दिसतंय’ या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा त्यातच मिळतं. पुस्तकांची पानं वेगळी दिसायला हवी असतील तर ‘सिंगल’ची नक्कल करायची, तिला ‘सिंगल-बुक’ असं नाव द्यायचं आणि हवा तो बदल करायचा. नाव बरोबर असलं की कुणाला काही सांगावं लागत नाही.

आणि आता हूक. वर्डप्रेसचं खरं कसब इथे आहे. पान तयार होत असताना वर्डप्रेस ठरावीक जागी थांबून जणू विचारतं, कुणाला काही करायचं आहे का? कुणाला हा मजकूर बदलायचा आहे का? पहिल्या प्रकाराला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘फिल्टर’. समजा, प्रत्येक पुस्तकाच्या वर्णनाखाली ‘हे पुस्तक घरी नेण्यासाठी सभासद ओळखपत्र आणावे’ अशी ओळ हवी आहे. हातानं टाकायची तर तीन हजार नोंदी उघडाव्या लागतील, आणि नियम बदलला की पुन्हा तीन हजार. त्याऐवजी ‘द कंटेंट’ या फिल्टरवर पाच-सहा ओळींचं फंक्शन अडकवायचं: मजकूर आत घे, प्रकार पुस्तकाचा असेल तर शेवटी ही ओळ जोड, मजकूर परत दे. डेटाबेसमधल्या मूळ वर्णनाला धक्का लागत नाही. ओळ फक्त दाखवताना जोडली जाते. प्लगइन बंद केलं की सगळीकडची ओळ एका क्षणात जाते.

मजकूर परत द्यायला विसरलात तर मात्र सगळी पुस्तकं कोरी दिसतील. हीही नवशिक्यांची ठरलेली चूक.

अधिकृत संग्रहातली हजारो फुकट प्लगइन याच दोन आकड्यांना लटकलेली आहेत. पाककृतींची असोत, तिकीटविक्रीची असोत, नाहीतर संपर्काच्या फॉर्मची असोत, आत शिरून पाहिलं तर ‘इथे थांबलास की माझं हे काम कर’ एवढंच त्यांनी वर्डप्रेसला सांगून ठेवलेलं असतं. हे एकदा उमगलं की प्लगइन ही जादू वाटत नाही आणि छोट्या कामासाठी भलं मोठं प्लगइन लावायचा मोह कमी होतो.

थीम बदलल्यावर मजकूर गायब का होतो, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. ‘पुस्तक’ हा प्रकार नोंदवणारा कोड भाच्यानं थीमच्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये टाकलेला असतो. थीम बदलली की तो कोड चालत नाही, वर्डप्रेसला ‘पुस्तक’ म्हणजे काय तेच कळत नाही, आणि मेन्यूसकट सगळी पुस्तकं दिसेनाशी होतात. डेटाबेसमध्ये ती सुखरूप असतात. पण घाबरलेल्या कार्यकारिणीला ते कोण सांगणार! रूपाचा कोड थीममध्ये आणि कामाचा कोड प्लगइनमध्ये, ही वाटणी काटेकोर पाळली तर ही वेळ येत नाही. आणि प्लगइन लिहिणं म्हणजे मोठं काही नाही. एका फाइलच्या डोक्यावर टिप्पणीत ‘प्लगइन नेम’ म्हणून नाव लिहायचं आणि ती प्लगइनच्या फोल्डरात ठेवायची. झालं प्लगइन.

दुसऱ्याच्या थीममध्ये थेट हात घालू नये, कारण थीमचं अपडेट आलं की तुमचे सगळे बदल पुसले जातात. यासाठी ‘चाइल्ड थीम’ असते. एका फोल्डरात ‘स्टाइल’ फाइल ठेवायची आणि तिच्या डोक्यावर स्वतःचं नाव व मूळ थीमच्या फोल्डरचं नाव लिहायचं. मग साच्याची जी फाइल तुम्ही तिथे ठेवाल ती वापरली जाते, उरलेल्या मूळ थीममधून घेतल्या जातात.

डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर ‘गुटेनबर्ग’ हा ब्लॉक एडिटर आला तेव्हा मोठा गदारोळ झाला. परिच्छेद, चित्र, यादी, प्रत्येक गोष्ट एक वेगळा ब्लॉक. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, काहींनी तर वेगळी चूल मांडून ‘क्लासिकप्रेस’ काढलं. जीपीएल असल्यानं तेही त्यांना करता आलं. मलाही सुरुवातीला हा एडिटर जड वाटला होता. आता मत बदललं आहे. कारण पुन्हा साठवणुकीतच आहे. ब्लॉकचा मजकूर साध्या एचटीएमएलच्या रूपात ‘पोस्ट्स’ तक्त्यातच राहतो, भोवती न दिसणाऱ्या खुणा तेवढ्या असतात. उद्या एडिटर बदलला तरी मजकूर वाचता येतो. जुन्या धाटणीच्या काही पेज बिल्डरांचं तसं नव्हतं. ते प्लगइन काढलं की पानभर चौकटी कंसांतल्या अगम्य सूचनांचा सडा उरायचा आणि तुमची वाक्यं त्यात शोधावी लागायची. पेज बिल्डर वापरूच नये असं मी म्हणत नाही; घाईच्या कामाला ते उपयोगी पडतात. पण शिकायला आलेल्यानं पहिलं वर्ष त्यांच्यापासून चार हात लांब राहावं.

जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून तर शीर्षपट्टी, तळपट्टी आणि साचेही ब्लॉकनं बांधता येतात. रंग, अक्षरांचे आकार, मोकळ्या जागा ‘थीम.जेसन’ या एका फाइलमध्ये ठरतात. तुम्ही साइट एडिटरमध्ये बसून साचा बदललात तर तो बदल कुठे साठतो? ‘पोस्ट्स’ तक्त्यात, ‘टेम्पलेट’ या प्रकाराची एक नोंद म्हणून. म्हणून तर फाइल बदलूनही पान जुनंच दिसतं, असा अनुभव येतो: डेटाबेसमधली नोंद फाइलवर मात करत असते. साइट एडिटरमध्ये तो साचा ‘रीसेट’ केला की फाइलचं राज्य परत येतं.

मराठी साइटसाठी काही गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. त्या इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

पहिली गोष्ट पत्त्याची. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस पत्ता बनवतं. शीर्षक मराठी असेल तर पत्ताही देवनागरी, आणि साठवताना त्याचं सांकेतिक रूप होतं. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एकट्या ‘ळ’चं होतं ‘टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-बी-तीन’. एकाला नऊ जागा. काना, मात्रा, हलन्त यांची गणती निराळी. पत्त्याच्या रकान्यात जागा २०० अक्षरांची, त्यामुळे बाविसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. ‘ग्रंथालयाचा शतकमहोत्सवी वर्षाचा समारोप’ असा मथळा दिलात तर पत्ता ‘शतकमहोत्सवी’पाशीच संपतो. शिवाय असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की कित्येकदा टक्क्यांची लांबच लांब माळ दिसते आणि लोकांना तो फसवणुकीचा वाटतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्रकाशित करण्यापूर्वी पत्त्याच्या चौकटीत दोन-तीन शब्द रोमन लिपीत लिहावेत. लिपीचा अभिमान मजकुरात दाखवायला जागा भरपूर आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. परदेशी थीमचा ओळींमधला अंतराचा हिशोब रोमन अक्षरांसाठी केलेला असतो. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार आले की ओळी एकमेकींत अडकतात. ‘लाइन-हाइट’ १.७ च्या आसपास न्यावी. अनेक थीम मथळ्यांना डौल यावा म्हणून अक्षरांत अंतर टाकतात. त्यानं देवनागरीची शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. ते ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करणं हा मराठी साइटवरचा पहिला सीएसएस बदल असायला हवा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेला ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत आणि भरवशाचे आहेत. मथळ्यांना ‘बालू’ही शोभतो, तोही एक टाइपचाच.

तिसरी गोष्ट भाषेची. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की व्यवस्थापनाचे पडदे बऱ्याच अंशी मराठीत येतात. ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे आणि त्यात आपणही भर घालू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पानाच्या कोडमध्ये ‘ही भाषा मराठी’ अशी नोंद पडते. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे त्या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. अंधांसाठीच्या वाचक सॉफ्टवेअरलाही कुठल्या आवाजात वाचायचं ते त्यावरूनच कळतं.

चौथी गोष्ट शोधाची, आणि इथे मात्र वर्डप्रेस उणं पडतं. त्याचा मूळ शोध फक्त अक्षरांचा क्रम जुळतो का ते पाहतो. ‘पुस्तक’ शोधलं तर ‘पुस्तकाचा’ सापडतो, कारण तो तुकडा जसाच्या तसा आत आहे. पण ‘शाळा’ शोधलं तर ‘शाळेत’ सापडत नाही, ‘घोडा’ शोधलं तर ‘घोड्यावर’ सापडत नाही. सामान्यरूप नावाची गोष्ट त्याला ठाऊक नाही. वाचनालयासारख्या साइटवर म्हणूनच शोधावर विसंबू नये; लेखक आणि विषय यांच्या वर्गवाऱ्या नीट भराव्यात आणि वाचकाला त्यांतून नेणारी पानं आधी बांधावीत.

शिकायचं कुठे? चालू साइटवर तर मुळीच नाही. ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ उघडलं की सर्व्हर न घेता, काही न बसवता ब्राउझरच्या टॅबमध्येच अख्खं वर्डप्रेस चालू होतं. साठवून ठेवलं नाही तर टॅब बंद होताच ते पुसलं जातं, म्हणून मोडतोडीला अगदी योग्य. त्यापुढच्या कामासाठी ‘लोकल’सारखं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर बसवावं. तिथे मुद्दाम चुका कराव्यात. पीएचपीच्या ओळीअखेरचा अर्धविराम काढून पाहावा. पूर्वी तेवढ्यानं साइट पांढरी फटक पडायची; मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस बिघडलेलं प्लगइन ओळखून व्यवस्थापकाला दुरुस्तीचा दुवा ईमेलनं पाठवतं. ‘डीबग’ चालू करून चूक नेमकी कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर आहे ते वाचायची सवय लावावी. पुणे, मुंबई, नाशिक इथे वर्डकॅम्प झाले आहेत. असं संमेलन जवळपास भरलं तर जरूर जावं, तिथे प्रश्न विचारायला संकोच करावा लागत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. वापरकर्त्याचं नाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नये. विकतची थीम कुणी फुकट देत असेल तर घेऊ नये. अशा फाइलींत चोरवाटा ठेवलेल्या असतात. अपडेट टाळू नयेत. बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हे फोल्डर. बाकीचं वर्डप्रेस केव्हाही पुन्हा उतरवून घेता येतं. पण नुसता डेटाबेस ठेवलात तर फोटो जातील आणि नुसतं फोल्डर ठेवलंत तर सगळा मजकूर.

सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी त्याभोवतीची माणसं भांडतातच. सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, अपडेट जिथून येतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गवर त्या कंपनीची वाट अडवली गेली आणि तिच्या ग्राहकांची नेहमीची अपडेट थांबली. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं ती वाट पुन्हा मोकळी करायला लावली. वादात बाजू कुणाची हे बाजूला ठेवू. ज्यांच्याकडे स्वतःचा बॅकअप होता आणि साइट कशी हलवायची हे ठाऊक होतं, त्यांना निदान दुसरीकडे जाण्याचा पर्याय होता.

तेव्हा संस्थेची साइट आधीच चालू असेल तर शिकायला बसण्यापूर्वी एक काम करा. डोमेन कुणाच्या नावावर नोंदवलं आहे, त्याच्या नूतनीकरणाची सूचना कुणाच्या ईमेलवर येते आणि होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे विचारा. उत्तर ‘तो भाचा’ असेल आणि भाचा आता बंगळुरूला असेल, तर येत्या सभेपूर्वी त्याला फोन करून या तिन्ही गोष्टी संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर करून घ्या. थीमचा रंग त्यानंतरच्या सभेत ठरवता येईल.